मूकपटाचा प्रॉम्प्टर

सहाला स्पर्धेची मुदत संपणार होती, साडेचार वाजले होते, आणि खुशालभाऊ धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, नुसते उभे होते.

एका मिनिटाचा, जुन्या धाटणीचा मूकपट पाठवा, असं तृप्तीच्या कॉलेजने माजी विद्यार्थ्यांना कळवलं होतं. गोष्ट तिचीच. चोर धुऱ्यावरचं गाठोडं पळवतो, आत बाळ निघतं. बाळ म्हणजे तिची पाच महिन्यांची मिनू. चोर म्हणजे सानगडीचे खुशालभाऊ, झाडीपट्टीच्या नाटकांतले वीस वर्षांचे खलनायक. मोबाइल धरून होता तिचा नवरा अश्विन.

"भाऊ, चाला ना," अश्विन म्हणाला.

"प्रॉम्प्टर कोठी आहे?"

"बोलाचंच नाही, तर प्रॉम्प्टर कायले?"

"मागून आवाज आल्याबिगर माया पायच उचलत नाही, बापू."

तृप्तीने सकाळीच धुरा वितीने मोजला होता. दोन्हीकडे चिखल. पण आवाज शेवटी काढूनच टाकायचा, मग ओरडायला कोणाची बंदी? मिनूची काळजी होती तरी तिला हसू फुटलं. कागद घेऊन ती पळसामागे बसली.

"चोर येतो. इकडे पाहतो. गाठोडं उचलतो."

खुशालभाऊंच्या अंगात वीज आली. आले, पाहिलं, उचललं. फडकं सरकलं आणि मिनूने डोळे उघडले. कागदावर पुढे होतं, 'विकट हसून पळतो'. तृप्तीच्या तोंडून निघालं, "मान धरा, भाऊ. मानेखाली हात. हळू. पुढे निसरडं आहे."

भाऊंनी शब्दन् शब्द पाळला. एवढा आडदांड चोर अंड्यांची टोपली घेतल्यासारखा चालू लागला. तेवढ्यात मिनूने त्यांची चिकटवलेली मिशी उपटली नि तोंडाकडे नेली.

"मिशी काढून घ्या. खाईल ती."

मिशी खिशात गेली.

"बंद करू का?" अश्विनने विचारलं.

"हात हलवू नको तू." पुढचं तिला सुचेना. प्रॉम्प्टर गप्प, म्हणून चोरही थांबला, बाळाकडे बघत, पुढल्या शब्दाची वाट पाहत.

"आणा तिला माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली.

तो आला. मिनू कुशीत आल्यावरच तिने श्वास सोडला.

सहाला दहा मिनिटं असताना मूकपट गेला. पण त्याआधी खुशालभाऊ अडून बसले होते. शेवटच्या पाटीवर प्रॉम्प्टरचं नाव पाहिजे, तेही त्यांच्या नावाच्या वर.