राळ आणि नवसागर

आमचं घर तांबट आळीतलं. सासरे बापूराव यांनी जन्मभर तांब्यापितळेची भांडी घडवली आणि त्यांना कल्हई केली. पुढे लोकांनी स्टील घेतलं, त्याचा राग ते माझ्यावर काढत. जणू स्टील मीच माहेरून आणलं होतं.

सत्त्याण्णव साली भोसरीच्या एका कंपनीने मला घरबसल्या काम देऊ केलं. इमर्जन्सी लाइटच्या सर्किटांचं सोल्डरिंग. आधी नमुने द्यायचे, ते पास झाले तरच काम. मी आयटीआय केलेली, पण ते सगळं पोळ्या लाटण्यात विरत चाललं होतं. हे काम मला हवंच होतं.

सोल्डरिंगला मी राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, वापरायची. जोड पक्का होतो, फक्त भोवती तपकिरी डाग राहतो. बापूरावांना तो बघवेना.

"चहा सांडल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले.

श्रावणात मी दोन दिवस माहेरी गेले. परत आले तर नमुन्यांचा खोका गायब.

"सगळे जोड कल्हईच्या नवसागराने पुन्हा केले. चांदीसारखे चमकत होते. भोसरीला देऊनही आलो, तुझा हेलपाटा वाचला," बापूराव म्हणाले. त्याच उत्साहात त्यांनी दारावरच्या बेलच्या बटणाचा सुटलेला जोडही लावला होता.

"मामंजी, नवसागर तारा खातो."

"जन्म गेला माझा नवसागरात. एक भांडं हिरवं पडून कळकलं नाही."

"भांडी तुम्ही नंतर धुता. सर्किटात नवसागर तसाच राहतो."

त्यांनी पेपर उघडला. विषय संपला. कंपनीत जाऊन सासऱ्यांची तक्रार करायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी कणकेवर राग काढला.

आठवड्याने, भर दुपारी, बेल वाजली. बापूराव झोपेतून उठून दार उघडत म्हणाले, "या वेळी लोकांकडे जायची पद्धत आहे का?" जिन्यात कुणी नव्हतं. ते आडवे झाले, बेल पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

बटणाच्या आत त्या जोडावर हिरवा थर चढला होता. दमट हवेत तो पसरून बटणाच्या दोन्ही तारांना भिडला होता, म्हणून बेल आपोआप वाजत होती. बापूरावांनी तो थर नखाने खरवडला.

"कळकलंय," ते हळूच म्हणाले. तांबट हे दुसऱ्याच्या भांड्याबद्दल बोलतो, स्वतःच्या हातच्या कामाबद्दल नाही. मला त्यांची फार दया आली. त्यांनी टोपी घातली. "चल भोसरीला."

बापूरावांनी नमुने परत मागितले तेव्हा कंपनीतले सुपरवायझर खालिद शेख चकित झाले. "नमुने मस्त चाललेत, आजोबा. आज पास करतोय."

"आज चालतील, महिन्याने बंद पडतील. ते जोड माझे आहेत, परत द्या. ही करते ते टिकतात. हिचे घ्या."

खालिदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारपर्यंत नवे नमुने आणायला सांगितलं.

हातात आलेलं काम लांबलं होतं. मला संताप यायला हवा होता. पण लग्न झाल्यापासून मामंजींच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यासाठी भोसरीपर्यंत यावं लागलं होतं.