पुढचं माप

मामा वारले तेव्हा वीस वर्षं त्यांच्याशी न बोललेला सगळा गोतावळा जमला. घर भाच्याच्या नावावर केल्याचं कळताच पुढची वीस वर्षं भाच्याशी बोलायचं नाही असं ठरवून पांगला. भाचा पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. काट्यावर दिसेल तेवढं खरं, बाकी सगळ्या बाता, असा त्याचा खाक्या. "त्या घरात काहीतरी आहे," असं गल्लीतल्या लोकांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आहे ना. ओल आहे."

मामा शिंपी होते. पुढची खोली दुकानाची: खिडकीशी पायमशीन, मधोमध कापड कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायला लावलेला पडदा. मृत्युपत्रात एकच अट होती, मशीन हलवायचं नाही. मीटरवाल्याने ती लगेच मान्य केली, कारण ते बिडाचं धूड हलवायला चार माणसं लागली असती. तो, बायको आणि दहा वर्षांची लेक असे तिघं राहायला आले.

आठवड्याभरात प्रकार सुरू झाला. संध्याकाळी तो घरी आला तर शर्टाचं तुटलेलं बटण जागेवर. मग लेकीच्या गणवेशाची किनार सोडलेली निघाली, चांगली दोन बोटं जास्त; दोन महिन्यांत पोरगी तेवढी उंच झाली. त्यानंतर त्याच्या पँटची कंबर इंचभर सैल झाली आणि पोटाने ती जागा इमानेइतबारे भरून काढली.

त्याने समोरच्या लाँड्रीवाल्याला सहज म्हणून विचारलं.

"मामाच ते, दुसरं कोण!" लाँड्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. "आजचं माप त्यांनी कधी घेतलंच नाही. गिऱ्हाईकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि पुढचं माप लिहायचे. नवरदेवाचा कोट सुटणारं पोट धरून शिवायचे. लोक चिडायचे, भांडायचे. अन् वर्षभराने गपचूप येऊन कबूल करायचे, की मामा, बरोबर बसला."

भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस शिलाई वाचली की किती पटकन भाविक होतो, हे मीटरवाल्याकडे बघून कळावं. तो फाटके कपडे शोधून शोधून टेबलावर ठेवू लागला. निघताना मशीनकडे बघून म्हणायचा, "मामा, खिसा तेवढा बघा हं." जेवताना कौतुक सुरूच. "काय टाका आहे! असा हात आता शोधून सापडायचा नाही." बायको खाली मान घालून जेवत राहायची.

ती टपाल कचेरीत काउंटरवर बसे. कामावर घालायचा तिचा निळा कोट एके दिवशी दोन्ही बाजूंनी आत घेतलेला निघाला. बटणं लागेनात.

"मी बारीक होणार म्हणतायत मामा," ती हसली. "त्यांच्या तोंडात साखर पडो."

महिन्याभरात कोट नीट बसला. लगेच पुन्हा आत घेतला गेला. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा कोट आवळलेला दिसला तेव्हा मीटरवाल्याने हातातला घास ताटात परत ठेवला. लेकीचं माप चुकलं नव्हतं, त्याच्या पोटाचंही नाही. मग हे माप कुठवर जाणार? त्याने समोर नीट पाहिलं. बायकोचं घड्याळ मनगटावरून सरकून पार कोपराशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाल्यासारखं करून मागच्या दाराने आत आला आणि दुकानातल्या पडद्याआड उभा राहिला. मामा दिसले की पाय धरायचे, हवं तर घर परत घ्या म्हणायचं, पण हिला सोडा, असं त्याने घोकून ठेवलं होतं. दुपारी दार वाजलं. पावलं आली. मशीन सुरू झालं. त्याने पडदा सारला.

मशीनवर बायको बसली होती, त्याचीच पँट घेऊन.

"तू?"

"अगंबाई!" ती दचकली आणि मग तिने कपाळावर हात मारला. "सापडले एकदाची. जेवणाच्या सुट्टीत येते मी. बारा वर्षं तुमची बटणं लावली, तुम्हाला कधी दिसलं नाही. इथे एक बटण लावलं, तर तुम्ही मामांचं गुणगान सुरू केलंत! म्हटलं, बघू या किती दिवस चालतं. निदान कौतुक तरी कानावर पडतंय."

तो टेबलावरच बसला. हसू आणि रडू एकदमच आलं. "म्हणजे पोरीची किनार तू... वाढत्या अंगाची म्हणून. आणि माझी कंबर..."

"तुमचं ताट मीच वाढते ना."

"देवा रे! मग तो कोट तरी कशाला आवळत बसलीस? जीव जायची वेळ आली माझा."

तिचा पाय मशीनवरून खाली आला.

"कोट मी नाही केला. मला वाटलं, तुम्हाला माझं सोंग कळलंय आणि तुम्ही माझी गंमत करताय."

"मी? मला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही नाही, तर मग कोण, हा विचार करायची भीती वाटत होती."

दोघंही मशीनकडे बघेनात. त्याने तिचा हात धरला. तो इतका हलका लागला की त्याला स्वतःची लाज वाटली. घराला कुलूप घालून ती दोघं तशीच दवाखान्यात गेली.

तपासण्यांमध्ये आठवडा गेला. पोटात गाठ होती. लहान होती, काढता येण्याजोगी होती. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी दोन महिने गेले असते, तर मी असं बोलू शकले नसते." त्यांनी समोर कागद ओढला. "तीन महिन्यांत नऊ किलो गेलेत. घरात पहिल्यांदा लक्षात कुणाच्या आलं?"

रोज शंभर मीटर बिनचूक वाचणाऱ्या माणसाने बायकोकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत.

"मामांच्या," तो म्हणाला.

"तुमच्याबरोबर राहतात का ते?"

"आम्ही त्यांच्याकडे राहतो."

"नशीबवान आहात बाई," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमच्याकडे एवढं लक्ष असणारं माणूस आहे घरात."