नाव लागलं

मीनलने न विचारताच मधुमतीच्या वाटीत आणखी एक मोठा चमचा श्रीखंड घातलं.

“तिकडे कुठलं मिळणार आहे तुला? खाऊन घे,” ती म्हणाली.

मधुमतीने वाटी पुढे ओढली आणि चमचा नुसताच फिरवत राहिली. सिंगापूरला आल्यापासून हेच चाललं होतं. काल बुकित बातोकला नवऱ्याच्या, विनायकच्या मावसभावाकडे, सुबोधकडे, बासुंदी झाली. आज जुरोंग ईस्टला निशिकांत आणि मीनलच्या घरी श्रीखंड. जो तो तिला वर्षभराचं एकदमच खाऊ घालायला निघाला होता. जेवण झालं की फोटो, फोटो झाले की सूचना. पाणी उकळून पी, मच्छरदाणी ने, एकटी कुठे जाऊ नकोस. ती स्वतः डॉक्टर होती आणि अर्धं आयुष्य लष्कराच्या रुग्णालयांत भूल देत आली होती. पण सूचना देणाऱ्याला ते आठवत नसे. तीही मान हलवत असे. मान हलवून हलवून खरोखरच दुखायला लागली होती.

पुढच्या महिन्यात ती दक्षिण सुदानला जाणार होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर भारताचं एक छोटं रुग्णालय तिथे होतं. जाण्याआधी सगळ्यांना एकदा भेटून घेऊ, ही कल्पना विनायकची. मुंबई झाली, नागपूर झालं, आणि आता शेवटचा टप्पा सिंगापूरचा, कारण त्याची मोठी बहीण नीता इथे यिशुनला राहत होती. मुक्काम तिच्याकडेच होता.

“पण असं अचानक कसं गं?” मीनलने विचारलं.

उत्तर विनायकने दिलं. प्रत्येक घरी तोच द्यायचा. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असल्यामुळे त्याला एकच गोष्ट दर वेळी नव्या उत्साहाने सांगता येत असे.

“अचानकच. मी संध्याकाळी कॉलेजातून आलो, तर ही कणीक मळतेय. मळता मळता म्हणाली, माझं नाव लागलंय. मला वाटलं कुठल्या लग्नाच्या पत्रिकेत! तर सुदान. फौजेत काय, ऑर्डर आली की आली. तिथे नाही म्हणायची सोय नाही.”

मीनल हसली. निशिकांत मात्र हसला नाही. तो मधुमतीचा मेडिकल कॉलेजातला वर्गमित्र. तिच्याबरोबरच लष्करात गेला, काही वर्षांनी सोडून इथे विद्यापीठात संशोधनाला आला. जेवताना तो कमीच बोलत होता.

“लागलं म्हणजे?” तो सहज म्हणाला. “डॉक्टरांना विचारतात की आधी. नाव द्यावं लागतं. मी दिलं होतं एकदा, घेतलं नाही मला. मधू, आता पद्धत बदलली का?”

मधुमतीने मान वर केली नाही. श्रीखंडात केशराची एक काडी होती, ती तिने चमच्याने कडेला आणली. बाहेर, बऱ्याच खाली, एमआरटीची मेट्रो गाडी वळण घेत स्टेशनात शिरत होती. तिचा आवाज काच बंद असूनही ऐकू येत होता. आपण काहीतरी बोलायला हवं, हे तिला समजत होतं.

“नाही हो, पद्धत तीच आहे,” विनायक म्हणाला. “दिलंच नाव. आम्ही दोघांनी बसून, ठरवून दिलं. पण नातेवाइकांना हे कुठे समजावत बसणार, डॉक्टर? ऑर्डर आली म्हटलं की प्रश्न थांबतात.”

“ते मात्र खरं,” निशिकांत म्हणाला.

“वहिनी, श्रीखंडाचा चक्का घरीच बांधलात?” विनायकने विचारलं आणि आपली वाटी पुढे केली.

निघताना फोटो झाले. मीनलने मधुमतीच्या हातात चिवड्याची पिशवी दिली. लिफ्टमध्ये आरसा होता. दोघंही वरचे मजल्यांचे आकडे बघत राहिली.

दुपार कलली होती. स्टेशनावर उन्हाची तिरीप फलाटाच्या मध्यापर्यंत आली होती. गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. बुकित बातोक येऊन गेलं. एरवी विनायकने मागे पडणारी स्टेशनं मोठ्याने वाचली असती.

“तुला माहीत होतं?” शेवटी मधुमतीने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“आत्ताच कळलं. तिथे, जेवताना.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या काचेत पाहत होता. आपलं खोटं पकडलं जाईल याची तयारी तिने केली होती. तो रागावेल, निदान विचारेल, याचीही केली होती. पकडलं गेल्या क्षणीच तो तिच्या बाजूला येऊन उभा राहील, याची तयारी तिच्याकडे नव्हती.

“विनायक, मी सांगणार होते.”

“ताईला काय सांगायचं ते तू सांग,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दिवसभर वर्ग घेऊन आल्यावर असतो तसा तो बसला होता. “ती रोज विचारतेय, नाही म्हणता येणार नाही का म्हणून. मी इतक्या घरांतून तीच गोष्ट सांगितली. आता नाही सांगवणार. मी दमलो, मधू.”

त्याने चिवड्याची पिशवी तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

दमलो. हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारत नसे. अप्पा, म्हणजे तिचे सासरे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा मधुमतीने विनंती करून पुण्यातच बदली मागून घेतली होती. मग ती तिथेच राहिली. बरोबरीचे लोक बाहेर गेले, वर चढले. ती सकाळी अप्पांना नळीतून पेज घालून ड्यूटीवर जायची, संध्याकाळी येऊन त्यांची कूस बदलायची. विनायक मनाने वाईट नव्हता. पण नळी हातात घेणं त्याला जमायचं नाही, म्हणून तो बाजारहाट करायचा, बिलं भरायचा, अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. वर्षं गेली. मागच्या दिवाळीआधी अप्पा गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, तू होतीस म्हणून. आता जरा विश्रांती घे. ती विश्रांती घ्यायला बसली, आणि घरातल्या कुठल्याच खोलीत तिला बसवेना. रात्री ठरलेल्या वेळी जाग यायची आणि पाय आपोआप त्या रिकाम्या पलंगाकडे जायचे. पलंग देऊन टाकला तरी जायचे. अशातच नावं मागवणारं पत्रक आलं. तिने घरी येऊन विचारायचं ठरवलं आणि न विचारताच नाव देऊन टाकलं.

यिशुनला फ्लॅटचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये नीताताईंची मुलगी गार्गी गृहपाठ पसरून बसली होती.

“मामी, देअर यू कॅरी गन ऑर नॉट?” तिने मान वर न करता विचारलं.

“नाही गं. इंजेक्शन.”

“सो बोरिंग लाह,” गार्गी म्हणाली.

विनायक तिच्याशेजारी सोफ्यावर टेकला. मधुमती आत गेली.

नीताताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून कपड्यांची काठी आत ओढत होत्या. इथल्या रिवाजाप्रमाणे धुतलेले कपडे लांब बांबूवर ओवून खिडकीबाहेर, दहाव्या मजल्यावरच्या हवेत वाळत घातलेले होते. मधुमतीने पुढे होऊन काठीला हात लावला.

“राहू दे, तू बस. दमली असशील. काय म्हणाला तो तुझा मित्र? त्याची वर ओळख असेल ना कुठे?” नीताताई म्हणाल्या. “मी काल ह्यांनाही म्हटलं, अप्पांचं इतकं करून आता कुठे ही मोकळी झाली, तर लगेच सुदान. कोणाला दयामाया आहे की नाही? माणसाची परिस्थिती बघून पाठवायला नको? मला तर वाटतं, आपणच कोणाला तरी भेटून—”

“ताई, मला कोणी पाठवत नाहीये. मीच नाव दिलं,” मधुमती म्हणाली.

काठी अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच राहिली. नीताताईंच्या यजमानांचा, विश्वासरावांचा एक शर्ट खिडकीच्या चौकटीत अडकला होता.

“विनूला न विचारता दिलं,” ती पुढे म्हणाली. “त्याला आज कळलं.”

अप्पांच्या आजारपणात नीताताई दर वर्षी पुण्याला यायच्या, सुट्टी असेल तेवढी. येताना इथून खास हवेची गादी आणली होती, मलमं आणायच्या, शेवटच्या दिवशी अप्पांच्या पायाशी बसून रडायच्या आणि टॅक्सी आली की जायच्या. मधुमतीला त्या रडण्याचा कधी राग आला नव्हता. त्या टॅक्सीचा यायचा. आज इतक्या दिवसांनी त्या समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या केसांत मधोमध पांढऱ्याचा रुंद पट्टा दिसत होता.

“किती दिवसांसाठी मागितलंस?” त्यांनी विचारलं.

“एक वर्ष.”

नीताताईंनी अडकलेला शर्ट हळूच सोडवला. त्याची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली.

“कमी मागितलंस,” त्या म्हणाल्या.

मधुमतीचा हात काठीवर होता. तो तिने घट्ट केला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. इतक्या घरांतून इतक्या लोकांनी तिला जपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा तिला एकदाही रडू आलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात विनायक उभा होता. हातात रिकामा पेला. कधीपासून उभा होता कोण जाणे.

“विनू, असा उभा काय राहिलास? हे टोक धर,” नीताताई म्हणाल्या. “जड झालीये.”

त्याने पेला ओट्यावर ठेवला आणि मधुमतीच्या मागे येऊन काठी धरली. तिघांनी मिळून ती आत घेतली. उरलेले कपडे एकामागून एक खिडकीतून आत आले, उन्हाने कडक झालेले, गरम.

“पुरेल तुला?” विनायकने विचारलं. “एक वर्ष?”

ती वळली. तो खरंच विचारत होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

विनायकने मान हलवली. काठी खांद्यावर टेकवून त्याने गार्गीचा शाळेचा फ्रॉक काढला, उलटा होता तो सुलटा केला, आणि ताईच्या हातात दिला.