ग्रहणातली विळी

"हे डोळ्याला लावायचं, डोक्याला न्हाई!" सुलक्षणानं शेजारच्या चंद्राबाईच्या कपाळावरचा काळा चष्मा खाली ओढला. तालुक्याहून अशा चष्म्यांची दोन खोकी पासली गावात आली होती. पंधरा दिवस पावसानं सूर्याचं तोंड दिसू दिलं नव्हतं आणि यांनी सूर्य बघायचे चष्मे धाडले! कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

गावची आशाताई म्हणून देवळात बाया गोळा करून ग्रहण समजावणं सुलक्षणाकडं आलं होतं. "खग्रास तिकडं परदेशात. हितं नुसता चतकोर झाकंल. जेवा, पाणी प्या, कामं करा. गरवार बायांनी बी."

"आन् विळी?" चंद्राबाई म्हणाली. "अठ्ठावीस वरसांमागं ग्रहणात तूच चिरत बसली व्हतीस. इंद्रजित फाटक्या ओठाचाच आला की."

बाया पदराआड हसल्या. सुलक्षणाच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकाचा ओठ टाके घालून केव्हाच जुळला होता, पोरगा कापूरहोळला गॅरेजात मिस्त्री झाला होता. पण या भवान्यांची जीभ अजून तिथंच. अडाणी म्हणावं तर प्रत्येकीच्या हातात मोबाईल, आणि त्यात बघतात काय, तर राशिभविष्य!

"उद्या चार वाजता या माझ्या ओसरीवर," ती कडाडली. "माझी सून, सातव्या महिन्याची, तुमच्या म्होरं विळीवर भाजी चिरंल!"

घरी हे ऐकून सुनेचा, प्रांजलचा, भाकरी थापणारा हात थांबला. "आत्या, मला इचारलं का?"

"तू बी घाबरतीस व्हय? बारावी शिकलीस ना?"

"ग्रहणाला न्हाई घाबरत. या बायांना घाबरते. उद्या लेकराला साधा ताप आला तरी माझंच नाव घेतील. तुमचं अजून घेत्यात."

जन्मभर सुलक्षणानं गावाला मूर्ख म्हटलं, आणि सुनेचं पोट त्याच मूर्खांपुढं पैजेला लावून ती मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चारला धो धो पाऊस. ग्रहण कधी लागलं, कुणाला पत्ता नाही. तरी पंधरा बाया छत्र्या घेऊन हजर! लसीकरणाला बोलावलं की यांचे पाय दुखतात. दोघींनी तर चष्मेही आणले होते.

"कुठाय सून?" चंद्राबाईनं आत डोकावलं.

सुलक्षणा दारात आडवी उभी राहिली. मागच्या बंद खोलीत तिनं आत्ताच भाकरी, कालवण आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. प्रांजल जेवत होती.

"आत बसलीय," सुलक्षणा म्हणाली. "ग्रहण पाळतीय."

"काल लई ज्ञान पाजळत व्हतीस! शेवटी आली का अक्कल?"

बाया खिदळल्या. अठ्ठावीस वर्षांत या बाईचा एकही टोमणा सुलक्षणानं परत केल्याशिवाय सोडला नव्हता. आत भांडं वाजलं, तशी ती मोठ्यानं म्हणाली,

"व्हय चंद्राबाई, आली."