मांडीवरचा निळा टब

मित्रांनो, आधी नाकावरचे हात काढा पाहू! मी एक जुना निळा टब आहे आणि आज अगदी स्वच्छ आहे. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, आपल्यात द्राक्षं धुतील. नशिबी आल्या उलट्या. पण काम ते काम!

घरात कुणाला मळमळलं की माझ्या नावाने हाकाटी सुरू होई. आजीला भारी घाई. उलटी थांबते न थांबते तोच ती पेलाभर पाणी पाजी आणि ते लगेच माझ्याकडे येई. शेवटी डॉक्टरांनी तिला समजावलं, "आजी, आधी चूळ भरू द्या, जरा दम खाऊ द्या. मग जलसंजीवनी पाजा, चमच्याचमच्याने. तीही पोटात टिकेना, तर तडक माझ्याकडे आणा."

आजीची नात ठकी शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक होती. तिला बस लागायची, म्हणून प्रवासभर मी तिच्या मांडीवर. एकदा परगावी सामना ठरला आणि खेळाच्या बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी उतरल्यावर तुला उभंही राहवेना. या वेळी दुसरीला नेते." ठकी घरी येऊन ढसाढसा रडली. मलाही फार वाईट वाटलं.

आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मी होतोच.

"बसमध्ये बघतेस कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"टबात. आई म्हणते, टबावरची नजर हलवू नकोस."

डॉक्टर हसू लागले. "अगं, गाडी वळणं घेतेय आणि डोळे टबात! डोकं गोंधळणारच. पुढे बस, खिडकी उघड, लांब बघ. आणि उपाशी निघू नकोस, थोडं खा."

म्हणजे इतकी वर्षं मीच आगीत तेल ओतत होतो! मी पार ओशाळलो.

आईने गळ घातली, बाई कशाबशा तयार झाल्या. ठकी पुढच्या सीटवर, मी सीटखाली. घाट लागला आणि तिचे बूट चुळबुळू लागले.

"बाई, मळमळतंय."

"त्या डोंगराकडे बघ. हळूहळू श्वास घे."

मी तयारीत होतो, पण मला कुणी उचललंच नाही. बस थांबली तशी ठकीने टुणकन उडी मारली. मला ती चक्क विसरली! इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सामना बरोबरीत सुटला. परतताना तिने माझ्यात चिखलाने माखलेले हातमोजे टाकले.

मित्रांनो, उलटी होणाऱ्याला हसू नका. मला धुऊन, उन्हात वाळवून हाताशी ठेवा. मांडीवर मात्र नको. माझ्यात डोकावून कुणाला डोंगर दिसलेला नाही.