मंडळी दाखल

दादूने उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यामुळे अलिबागच्या नव्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या पोराने "बोला काका" म्हटल्यावर त्याने बाकावर पोट धरून बसलेल्या गोदूकडे हनुवटी उडवली आणि पॉलिसीचं कार्ड पुढे करत म्हणाला, "मंडळींना ॲडमिट करायचंय."

स्वराज नावाचा तो पोरगा नवी मुंबईत वाढलेला. मंडळी हा शब्द त्याला व्हिडिओवाल्यांमुळे माहीत. ते "नमस्कार मंडळी" म्हणतात, तेव्हा समोर लाखभर लोक असतात. त्याने मान उंचावून मंडळी पाहिली. एक म्हातारी, तिच्या शेजारी तरुण सून, आणि काका स्वतः. तिघांचीही नावं कार्डावर होती. जेवणातून काहीतरी बाधलं असणार असं त्याने मनाशी ठरवलं आणि तो कामाला लागला.

मुलगा गणराज तेव्हा स्कूटर लावायला जागा शोधत होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आईच्या पित्ताशयात खडे होते, त्यातला एक नळीत अडकला होता आणि तिचे डोळे पिवळे पडायला लागले होते. विम्याची मंजुरी आली की दुपारीच ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते. विमा गणराजच्या रोह्याच्या कंपनीचा, सगळ्या घराला मिळून एकच. म्हणजे एका पातेल्यातला भात. एकाने जास्त वाढून घेतला की दुसऱ्याला खरवड. पूर्वी ह्याच पातेल्यात असली दोन ऑपरेशनं बसली असती. पातेलं तेवढंच राहिलं आणि ऑपरेशन फुगलं. आता एक बसत होतं, तेही कडेला टेकून.

तो वर आला तेव्हा पहिल्या खाटेवर आई होती. दुसऱ्या खाटेवर त्याची बायको पूनम तोंडात थर्मामीटर धरून बसली होती. तिसरीवर बाप. अंगात हिरवा झगा, हाताला सलाईन.

"हे काय?"

पूनमने थर्मामीटर काढला. "मला काय विचारता? मी डबा घेऊन आले होते. डबा बाहेर ठेवलाय, मला आत."

"मग सांगायचं ना, मला काही झालं नाही म्हणून."

"सांगितलं. सिस्टर म्हणाली, सगळे पेशंट असंच म्हणतात."

"आणि बाबा, तुम्ही?"

"मला वाटलं, नातेवाइकांचं रगात लागत आसंल," दादू म्हणाला. "म्हनून हात पुढं केला."

गणराज खाली धावला. स्वराजने शांतपणे ऐकून घेतलं.

"एन्ट्री रद्द होत नाही, सर. डिस्चार्ज होतो."

"मग डिस्चार्ज द्या."

"त्याला आजार लागतो. काय बरं झालं ते लिहायला लागतं ना."

"अरे, त्यांना काही झालेलंच नाही."

"हो, पण ते टेस्टमध्ये यायला पाहिजे."

टेस्ट सुरू झाल्या. तपासणीची यंत्रं नवीकोरी होती, हप्त्यावर आणलेली, आणि हप्त्याच्या यंत्राला रिकामं बसवत नाहीत. पूनमच्या रक्तात काहीच सापडेना, तेव्हा आजाराच्या जागी 'थकवा' लिहून तिला सोडलं. "तो लग्नापासून आहे," असं म्हणून ती डबा शोधायला गेली.

दादू मात्र अडकला. त्याच्या ईसीजीच्या पट्टीवर एक रेघ जिथे वर जायची तिथे जरा घुटमळत होती. डॉक्टर मृणालीने ती पट्टी दोनदा पाहिली.

"अँजिओग्राफी करून घ्यावी," ती म्हणाली. "काही नसेलही."

"आणि असेल तर?"

"म्हणून तर करायची."

तेवढ्यात विमा कंपनीचा फोन आला. दादूच्या तपासण्यांसाठी आणि खाटेसाठी रक्कम अडवून ठेवली आहे. शिल्लक अपुरी असल्याने गोदूबाईंच्या शस्त्रक्रियेला तूर्त मंजुरी देता येत नाही.

गणराजने आईकडे पाहिलं. सकाळी डोळे लिंबासारखे होते, आता हळदीकडे झुकले होते. ती भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. बाप सकाळी आजारी नव्हता. आता होता की नव्हता, हे कळायला आईचं ऑपरेशन खर्ची पडणार होतं. हे कुणाला विचारावं, हेही त्याला कळेना.

दादूने मुलाचा चेहरा वाचला. "ती रेघ मोडली म्हंजे मरतो का मानूस?"

"लगेच नाही, काका," मृणाली म्हणाली. "पण मी तुम्हाला जाऊ देणार नाही. जायचं तर माझ्या सल्ल्याविरुद्ध जातो, असं लिहून द्यावं लागेल."

"आना कागद."

"बाबा, थांबा जरा," गणराज म्हणाला.

"थांबू कसा? नंबर तिचा हाय. आपुन रांगेत मधी शिरलो."

त्याने सही केली, सलाईनचा हात सिस्टरपुढे धरला आणि झग्याच्या नाड्या सोडायला लागला. खाली रक्कम सुटली आणि उन्हं उतरायच्या आत मंजुरी आली. गोदूला नेताना स्ट्रेचर दादूपाशी क्षणभर थांबलं.

"माझ्या दुखन्यात बी तुमचं पुढं पुढं," ती म्हणाली, आणि दार लागलं.

बापलेक बाहेर बाकावर बसले. गणराजची एक नजर दारावर आणि एक बापाच्या छातीवर. छाती वरखाली होत होती, पण नीट होत होती का, हे त्याला ठरवता येईना. आजवर त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. पूनमने डबा रिकामा सापडल्याचं सांगितलं आणि कागदात बांधलेले वडे आणून ठेवले.

"खाऊ का रं?" दादूने विचारलं. जन्मात पहिल्यांदा तो मुलाची परवानगी मागत होता.

"अर्धा खा."

अर्धा वडा छातीला चालतो, असं गणराजला कुणी सांगितलं नव्हतं. दादूने वडा मोडला, एक घास घेतला आणि चावता चावता थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"काय झालं?"

दादूने बाहीने कपाळ पुसलं.

"मिरची," तो म्हणाला.

"नक्की?"

"मिरचीच आसंल."