उचलायला दोघं

बाइंडरांनी कोपरानं कडी सरकवून दार उघडलं, कारण दोन्ही हात खळीनं माखलेले होते. समोर बायको उभी होती. तिच्या कडेवर एक पिल्लू होतं. अगदी मूल घ्यावं तसं तिनं ते घेतलं होतं. पुढचे पाय तिच्या खांद्यावर आणि मागचे पाय लोंबत पार तिच्या गुडघ्यांपर्यंत आलेले.

"हे काय?"

"पिल्लू."

"ते दिसतंय मला. एवढं मोठं?"

"दोन महिन्यांचं आहे हो. वाढेल अजून."

"अजून?"

ती आत आली, वाकली आणि पिल्लू फरशीवर ठेवलं. चारी पाय चार दिशांना घसरले. बाइंडर सुट्टीच्या दिवशी घरी आणलेल्या एका जुन्या शब्दकोशाला पुठ्ठा चढवत होते. पिल्लानं उठता उठता त्याच्या शेजारची खळीची वाटी चाटून पाहिली आणि शिंकलं.

आवाज ऐकून मुलगा खोलीतून बाहेर आला. सत्तावीस वर्षांचा, कानावरचे हेडफोन गळ्यात ओढलेले. तो तसाच खाली बसला. पिल्लानं एक पाय त्याच्या तळहातावर ठेवला. पाय मोठा आणि तळहात लहान दिसत होता.

"कसलं आहे गं हे?"

"ग्रेट डेन. आमच्या लॅबमधल्या बाईंकडचं. बाकीची सगळी गेली, हाच एक उरला होता."

"बाबांना विचारलंस?"

बाबा हातभर अंतरावर उभे होते.

"त्याला सांग," बाइंडर म्हणाले, "मला या घरात कुणी काही विचारत नसतं."

"मी आज टपाल वाटणार नाही," ती म्हणाली. "दिवसभर लोकांचं रक्त काढून आलेय. ज्याला जे सांगायचं ते त्यानं स्वतः सांगावं."

दीड वर्ष बापलेकांचं बोलणं असं तिच्यामार्फतच चाललं होतं. मुलगा आधी खाली बाइंडरांच्या दुकानात बसायचा. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकासमोर बाइंडर हसत हसत म्हणाले होते, "याच्या हातात कागद दिला की मला कागदाची कीव येते." गिऱ्हाईकही हसलं. मुलानं हातातली सुरी टेबलावर ठेवली, हात धुतले आणि वर गेला. पुन्हा दुकानात आला नाही. पुढे त्याला एका कंपनीत नोकरी लागली. आठवड्यातून एकदा ऑफिस, बाकी दिवस खोलीचं दार लावून काम. बाइंडरांना वाटायचं, आज बोलू. मग वाटायचं, काय बोलणार? आणि दिवस जायचा.

पिल्लाचं नाव बायकोनंच ठेवलं. बारक्या.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बारक्याचे पाय दाबून, वाकवून पाहिले आणि विचारलं, "घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," बायको म्हणाली.

"लिफ्ट?"

"नाही."

"मग उचलून न्यायचं, उचलून आणायचं. मी सांगेपर्यंत जिना बंद. या जातीचं वजन आधी वाढतं आणि हाडं मागून येतात. आत्ता जिने चढवलेत तर मोठेपणी लंगडेल बिचारा."

पहिले काही दिवस बायकोनं उचललं. मग तिची कंबर धरली आणि ते काम मुलाकडे गेलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो बारक्याला छातीशी धरून खाली न्यायचा आणि वर आणायचा. बारक्या जेवत होता आणि वाढत होता; त्याला दुसरं काही काम नव्हतं. एका संध्याकाळी बाइंडर दुकान बंद करून वर येत असताना दुसऱ्या वळणावर मुलगा भिंतीला टेकून उभा दिसला. चेहरा लाल, आणि बारक्याचं मागचं अंग त्याच्या हातांतून निसटत चाललेलं.

बाइंडरांनी पिशवी पायरीवर टाकली आणि खालून हात लावला.

"घेतलंय मी," ते म्हणाले.

"सोडू नका," मुलगा म्हणाला.

एवढंच. पण मध्ये टपाल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाइंडरांनी हातातलं काम बाजूला सारलं. मोठ्या वह्यांच्या पुठ्ठ्यांसाठी आणलेलं जाड कापड दुहेरी घडी घालून कापलं, दाभणानं भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं चारी कडा शिवल्या. दोन्ही टोकांना मुठी केल्या. बारक्याच्या पोटाखालून घालायची आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायची अशी झोळी. मुलानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बारक्याच्या पोटाखालून सरकवली.

तेव्हापासून दोघं लागायला लागले. फिरवून आणलं की मुलगा दुकानाच्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा. बाइंडर हात पुसून उठायचे. झोळीत बारक्या मोठ्या ऐटीत लोंबायचा, चारी पाय सैल, मान इकडेतिकडे वळवत, जणू त्याला सगळ्या मजल्यांची पाहणी करायची आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई हमखास दारात यायच्या.

"आली का स्वारी? माझे गुडघे गेली दहा वर्षं कुरकुरताहेत, मला कधी कुणी हात दिला नाही. आणि ह्याचं बघा! पुढच्या जन्मी कुत्रीच होईन म्हणते."

"आत्ताच बसा ना काकू," मुलगा म्हणाला. "जागा आहे झोळीत."

"मेल्या, मी बसले तर तुझे बाबा बसतील कायमचे."

बाइंडर हसले. हसताना हात ढिला पडला आणि बारक्या एका बाजूला कलंडला. मुलगा ओरडला, "अहो बाबा, धरा नीट!" आणि मग तोही हसला.

त्याच आठवड्यात वाळलेले कपडे घड्या घालताना बायकोनं सांगितलं.

"तो खोली बघतोय. ऑफिसजवळ."

बाइंडरांनी वर पाहिलं.

"मी म्हटलं, बारक्या आपल्या पायांनी जिना चढायला लागेपर्यंत तरी थांब. आम्हा दोघांच्यानं नाही उचलवायचं. हो म्हणाला. तोवर थांबतो म्हणाला."

"बरं," बाइंडर म्हणाले. तिनं घडी घालून ठेवलेला टॉवेल त्यांनी उचलला, उलगडला आणि पुन्हा त्याच घडीत घातला.

त्यानंतर बारक्याच्या पायांकडे बघायची त्यांना खोडच लागली. बारक्या आता दुकानातल्या टेबलावर हनुवटी टेकवू शकत होता. शेपूट फिरली की कागदांचे गठ्ठे खाली यायचे. "केवढा झालाय हो!" गिऱ्हाइकं म्हणायची. "कुठे, लहान आहे अजून," बाइंडर घाईनं म्हणायचे. गिऱ्हाईक एकदा कुत्र्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायचं.

वजन वाढत गेलं तसा जिन्यातल्या वळणांवरचा मुक्कामही वाढत गेला. झोळी खाली टेकवून दोघं कठड्याला पाठ लावून उभे राहायचे. आधी बोलणं बारक्याचंच असायचं. मग एकदा मुलानं झोळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मशीनवर शिवलीत?"

"दाभणानं."

"सरळ आलीये."

"तुझीही सरळ यायची," ते म्हणाले. "घाई करायचास, एवढंच."

मुलानं जिन्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

"तुम्ही लोकांसमोर बोलायचात," तो म्हणाला. "एवढंच."

बाइंडरांनी मान हलवली. एकदा, आणि थोड्या वेळानं आणखी एकदा. बारक्यानं दोघांकडे पाहून मोठी जांभई दिली.

"चला," मुलगा म्हणाला, आणि दोघांनी मुठी धरल्या.

बारक्याची पुढची लस मुलाच्या ऑफिसच्या दिवशी आली. सकाळी दोघांनी त्याला खाली आणून ठेवलं, मुलगा कामाला गेला आणि दुपारी बाइंडर बारक्याला घेऊन चालतच दवाखान्यात निघाले. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. जाताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की लस घ्यायची आणि परत यायचं. जास्तीचं काही विचारायचं नाही. आपण विचारलं नाही तर त्या सांगणार नाहीत. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असला विचार करावा याची त्यांना लाजही वाटली, पण ठरवलेलं त्यांनी बदललं नाही.

लस झाली. डॉक्टरीणबाईंनी बारक्याच्या पाठीवर थाप मारली.

"मस्त झालाय. चाल बघा किती छान आहे. जिन्यात त्रास नाही ना देत? काही जण उतरताना घाबरतात सुरुवातीला."

"कुठल्या जिन्यात?"

"तुमच्या घराच्या. महिना झाला की मी चढू दे म्हणून सांगून. तुमच्या मुलाचा फोन आला होता, त्यालाच सांगितलं." त्या हात धुवायला वळल्या. "बोलला नाही तो?"

बाइंडरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं आधी एक काच पुसली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"बोलला असेल," ते म्हणाले. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल. कामाच्या गडबडीत..."

"असू दे. आता सुटलात तुम्ही."

"हो," बाइंडर म्हणाले. "सुटलो."

परत येताना कोपऱ्यावरच्या बँकेपाशी बारक्यानं दोरी ओढली आणि बँकेच्या पायऱ्या भराभर चढून वर जाऊन उभा राहिला. काही वेडंवाकडं नाही, कुठे अडखळणं नाही. वरून त्यानं वळून बाइंडरांकडे पाहिलं.

"उतर खाली," बाइंडर हळू आवाजात म्हणाले. "उतर रे. कुणी बघेल."

तो उतरला. उतरतानाही घाबरला नाही.

दुकानात बाइंडरांनी एका हिशेबवहीला पाठ लावायला घेतली आणि ती उलटी लावली. सोडवली, पुन्हा लावली. महिनाभर. महिन्याभरात एकदा तर भर पावसात मुलगा चिंब होऊन आला होता आणि दुकानाच्या दाराशी नुसता उभा राहिला होता, ते हात पुसून उठेपर्यंत. एकदा काम अर्धवट टाकून खाली आला होता. दर वेळी वळणावर आधी तोच म्हणायचा, "थांबू या जरा, हात भरून आले."

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला. पाठीवरची बॅग न काढताच त्यानं खुंटीवरची झोळी घेतली आणि मुठी सारख्या करू लागला. बाइंडर दुकानाला कुलूप घालत होते.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" त्यानं झोळीकडे बघतच विचारलं.

"लस दिली."

"आणि?"

कुलूप बसलं होतं. बाइंडरांनी ते ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"आणि काय, जिना इतक्यात नको म्हणाल्या. हाडं कोवळी आहेत म्हणाल्या."

मुलाचे हात थांबले. त्यानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. बाइंडर किल्ली खिशात ठेवत होते; ती खिशात जात नव्हती.

"अजून किती दिवस?" मुलानं विचारलं.

"ते काही बोलल्या नाहीत."

"बरं," मुलगा म्हणाला.

बारक्या जिन्यापाशी पोचला होता. पुढचा एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून तो दोघांची वाट बघत उभा होता. मुलगा त्याच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि तो पाय अलगद उचलून त्यानं खाली जमिनीवर ठेवला.

मग झोळी पोटाखालून सरकवून त्यानं दुसरी मूठ वडिलांच्या हातात दिली.